दोन थेंब पिवळा

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बिसुनदेवला भात दोन रंगांचा दिसायला लागला होता. उजवा डोळा मिटला की ताटात पांढराशुभ्र, किंचित निळी झाक मारणारा भात. डावा मिटला की त्याच ताटात हळद सांडल्यासारखा पिवळट. दोन्ही उघडे ठेवले तर मधलंच काहीतरी, आणि ते मधलं खरं की खोटं, हे कुणाला विचारावं तेही समजत नव्हतं.

"जेवताय की डोळे मारताय?" दयावती म्हणाली. "या वयात शोभत नाही."

"भात कसला आहे हा?"

"भाताचा."

स्वयंपाकघराच्या भिंतीचं तर त्याहून नवल. तीन वर्षांपूर्वी गॅरेजातले उरलेसुरले डबे आणून त्यानं घरच्या ओसरीत स्वतः सायीचा रंग कालवला होता आणि एका रविवारात चारी भिंती उरकल्या होत्या. उजव्या डोळ्याला ती अजून साय होती. डाव्याला जांभळी. थोडीथोडकी नाही, वांग्याची सालं दुधात उकळावीत तशी.

"भिंतीचा रंग बिघडला गं," तो म्हणाला. "स्वस्तातले डबे. उन्हानं मारला."

दयावती डाळ ढवळत राहिली. तिचं काही न बोलणं म्हणजे बरंच काही बोलणं असतं, एवढं त्याला चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. काय बोलली ते मात्र याही वेळी कळलं नाही.

पाच आठवडे घरी बसून, दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालून, बिसुनदेव सोमवारी कामावर निघाला. तावुआ गावाच्या बस स्टँडमागे, उसाच्या लॉऱ्या जिथे वळतात तिथे, फैयाजचं गॅरेज. फैयाजच्या बापाच्या काळापासून, म्हणजे चौतीस वर्षं, तिथल्या गाड्यांना रंग मारणारा माणूस एकच. पत्रा ठोकणारे आले-गेले, पत्र्यातले खड्डे लांबीनं बुजवणारे आले-गेले, पण स्प्रे गन बिसुनदेवच्या हातातून कुणी घेतली नव्हती.

आता मात्र फैयाजच्या मनात चुळबुळ सुरू झाली होती. वर्षभरात बिसुनदेवचाचांना लांबीतले खड्डे दिसेनासे झाले होते. एकदा तर ते उघड्या बॉनेटला नमस्कार केल्यासारखे धडकले होते. रंग जुळवण्यात तेवढी चूक नव्हती. कुठल्याही गाडीचं कुठलंही दार द्या, चाचांनी कालवलेला रंग शेजारच्या दाराशी असा बसायचा की मालकालासुद्धा पुढे शोधावं लागे. त्या एका गोष्टीवर चाचा टिकून होते.

"चाचा, वाईट वाटून घेऊ नका," फैयाज चहाचा कप पुढे करत म्हणाला. "शेजारच्या बा गावातला एक रंगारी विचारत होता. तुम्ही फक्त देखरेख केलीत तरी चालेल. खुर्ची टाकून देतो सावलीत."

"तू लंगोटात होतास तेव्हा याच सावलीत मुतला होतास," बिसुनदेव म्हणाला. "तिथे मी खुर्ची टाकून बसणार नाही. ऑपरेशननंतरची पहिली गाडी मी करतो. रंग जुळला नाही तर गन माझ्या हातानं खुंटीला लावीन, तू सांगायची गरज नाही."

पहिली गाडी नेमकी नेमानी हेडमास्तरांची निघाली.

नेमानी हेडमास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका ते अजून खडूनं गोल करून जात. फैयाज त्यांच्या हाताखाली शिकला होता. गॅरेजात रंगाची तयारी करणारी सेरेआनाही. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या दारात उसाच्या लॉरीची सळई घुसली होती. शनिवारी नातीचं लग्न. नवरी त्याच गाडीतून चर्चला जायची होती.

"दार रंगवायचं," कडक इस्त्रीच्या सुलूवर, कमरेला गुंडाळलेल्या वस्त्रावर, हात ठेवून हेडमास्तर म्हणाले. "फक्त दार. शेजारच्या पत्र्यावर फवारा उडालेला मला चालणार नाही. बाकीची गाडी निर्दोष आहे."

हेच तर अवघड. शेजारच्या दारावर थोडा फवारा पसरवला तर रंगातला फरक डोळ्याला लागत नाही. पण बिसुनदेवनंही जन्मात कधी तसं केलं नव्हतं. दार म्हणजे दार. जुळलं पाहिजे ते डब्यातच. आणि सगळ्या रंगांत पांढरा मेला सगळ्यात वाईट. निळ्याचा एक थेंब जास्त पडला की पांढरं दार आजारी दिसतं.

मंगळवारी दार ठोकून, लांबी भरून, पॉलिश पेपर मारून तयार झालं. बिसुनदेवनं मास्किंग टेपची पट्टी फाडली आणि चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटवली. जुना डोळा बंद, नवा उघडा.

सेरेआना खिडक्यांवर रंग उडू नये म्हणून त्यांना कागद लावत होती. तिनं मान वर केली. "मास्टर, डावा डोळा रंगवायचा आहे का? उजव्याला मास्किंग करून ठेवलंय म्हणून विचारते."

"तू तुझं काम कर."

"माझ्याकडे गुलाबी शिल्लक आहे."

सेरेआना पंचेचाळिशीची, अंगानं भरदार, तोंडानं फटकळ. आठ वर्षं ती त्याच्या हाताखाली होती, पण गॅरेजचा एक नियम तिनंही कधी मोडला नव्हता. मास्टर रंग कालवताना जवळ कुणी उभं राहायचं नाही आणि मास्टरनं डबा दिला की तो रंग ठरला; पुन्हा विचारायचं नाही. तिनं फक्त त्यात थिनर घालायचं, कपड्यातून गाळायचं आणि गनमध्ये भरून द्यायचं.

बिसुनदेवनं पांढऱ्यात काळ्याचं बोट लावलं, निळ्याचा एक थेंब सोडला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फवारून वाळवला आणि उन्हात नेऊन गाडीच्या मागच्या दाराला टेकवला. नव्या डोळ्यासमोर पुठ्ठ्याची कड विरघळून गेली. दार कुठे संपतं आणि पुठ्ठा कुठे सुरू होतो, ते दिसेना. छातीत हलकं वाटलं. एक थेंब. मागच्या काही वर्षांत त्याला पांढऱ्यासाठी तीन-तीन, चार-चार थेंब निळा लागत होता. कंपनीनं निळ्यात पाणी घालायला सुरुवात केली असं तो समजून चालला होता.

डबा त्यानं सेरेआनाला दिला. ती नेहमीसारखी आडोशाच्या फळीमागे गेली, पाठ करून उभी राहिली, गाळून आणला. आतल्या अंधुक उजेडात त्यानं दार रंगवलं. गन कशी चालली म्हणाल, तर रेशमासारखी.

बुधवारी सकाळी गाडी उन्हात काढली आणि पुढचं दार लोण्यासारखं पिवळं निघालं.

हेडमास्तर गाडी न्यायला आले होते; ते दोन पावलं मागे सरकले. मग हेडमास्तर म्हणाले, "बिसुन, हे दार दुसऱ्या घराण्यातलं वाटतं."

बिसुनदेवनं डावा डोळा मिटला. उजव्या डोळ्यानं दोन्ही दारं सख्ख्या बहिणींसारखी. उजवा मिटला, डाव्यानं पाहिलं. पिवळं. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. फैयाजकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता. सेरेआनाकडे पाहिलं, तिचा चेहरा असा झाला होता की जणू तिच्याच घराला आग लागली आहे. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि आत निघून गेली.

"हेडमास्तर, एक-दोन दिवस थांबा," बिसुनदेव म्हणाला. आवाज आपलाच आहे ना, याचीही त्याला खात्री वाटेना. "शनिवारच्या आत देतो."

"शुक्रवारी दुपारी तीन," हेडमास्तर म्हणाले. "तीन म्हणजे तीन."

फैयाज हळूच जवळ आला. "चाचा, गनचं राहू द्या आज. शुक्रवारनंतर बोलू." हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं की बिसुनदेवला शिवी ऐकल्यासारखं झालं.

तो बाहेर पडला, आणि कुठे जायचं ते न ठरवता चालू लागला. डोक्यात एकच गुंता. डाव्या डोळ्याला दार पिवळं दिसतं, सगळ्यांनाही पिवळंच दिसतं, म्हणजे डावा डोळा खरं बोलतो. पण रंग कालवला तोही डाव्याच डोळ्यानं. तेव्हा तो खोटं बोलला का? एकच डोळा मंगळवारी लबाड आणि बुधवारी साधू कसा होईल?

वाटेत त्यानं रंगवलेल्या तीन गाड्या लागल्या. टॅक्सी स्टँडवर परवेझच्या टॅक्सीचा मडगार्ड, मागच्या वर्षीचा. डाव्या डोळ्यानं पाहिला: बिनचूक. पंडितजींची गाडी देवळापाशी, डिकीचं झाकण दोन वर्षांपूर्वीचं: बिनचूक. बेकरीची पांढरी व्हॅन, चार वर्षांपूर्वी उजवी बाजू पूर्ण केलेली. तिच्याभोवती तो तीनदा फिरला, खाली वाकला, चष्मा काढला, घातला.

बेकरीवाल्यानं आतून विचारलं, "काय हरवलंय, मास्टर?"

"काही नाही. व्हॅन विकायची आहे का बघत होतो."

"माझी आहे ती."

"माहीत आहे," बिसुनदेव म्हणाला आणि पुढे निघाला.

म्हणजे हिशेब असा झाला: डोळ्यावर पडदा होता तेव्हा त्याचे सगळे रंग जुळत होते, आणि पडदा काढल्यावर पहिलाच फसला. मग त्याची सगळी करामत त्या मोतीबिंदूतच होती की काय? लौटोका शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी ती चिमटीनं काढून टाकली? आणि दोन महिन्यांनी उजव्या डोळ्यातूनही काढणार होत्या.

दुपारी घरी येऊन तो स्वयंपाकघरात बसला.

"ते काढलेलं भिंग ठेवतात का गं ते लोक?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"परत बसवता आलं तर."

"हो, लोणचं घालून ठेवलंय," दयावती म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिनं कणकेचे हात धुतले आणि समोर बसली. त्यानं सगळं सांगितलं. दार, पुठ्ठा, टॅक्सी, व्हॅन. सांगताना नजर भिंतीवर गेली.

"दया, ही भिंत तुला कुठल्या रंगाची दिसते?"

"जांभळी."

"कधीपासून?"

"तुम्ही रंगवलीत त्या रविवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, तीस वर्षं रंगात घातलेल्या माणसाला तू रंग शिकवू नकोस. मग नाही बोलले. आधी चार-सहा महिने राग यायचा. नंतर सवय झाली."

बिसुनदेव उठून भिंतीजवळ गेला. हात लावला. तीन वर्षांपूर्वीची भिंत. टॅक्सी मागच्या वर्षीची, डिकी दोन वर्षांची, व्हॅन चार. त्याच डोळ्यांनी, त्याच काळात. भिंत तेवढी वांग्यासारखी आणि गाड्या बिनचूक. भिंतीचा रंग त्यानं एकट्यानं कालवला होता, त्यानंच पातळ केला, त्यानंच गाळला, त्यानंच मारला. गॅरेजात मात्र डबा त्याच्या हातून गनमध्ये जाईपर्यंत मध्ये एक फळी होती, आणि फळीकडे तोंड केलेली एक रुंद पाठ.

दयावतीनं पाट पुढे सरकवला, पण तो बसला नाही.

गुरुवारी सकाळी तो गॅरेज उघडायच्या वेळेला पोचला, तर सेरेआना आधीच येऊन हेडमास्तरांच्या दारावर ओला पेपर घासत होती. पिवळा रंग पाण्याबरोबर ओघळत होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"किती टाकलेस?" बिसुनदेवनं विचारलं.

पेपर थांबला. "काय?"

"मला सगळं माहीत आहे. किती टाकलेस तेवढं सांग."

"तीन," ती म्हणाली. "पिवळ्याचे. एरवी पांढऱ्यात दोनच टाकते. पण मला वाटलं, आत्ताच चिरलेला डोळा, त्यावर पट्टी चिकटवून आलेत, म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच बिघडवलं असणार. बघितलंसुद्धा नाही. हात सवयीनं गेला."

"चिरलेल्या डोळ्यावर नव्हती पट्टी. दुसऱ्यावर होती."

"मला काय माहीत कुठला डोळा? तुम्ही तर दोन्ही मिटत फिरत होता."

त्याला हसू आलं नाही. तो रंगाच्या रिकाम्या पिंपावर बसला. "कधीपासून?"

"बेकरीच्या व्हॅनपासून. तुमचा डबा बघितला तर आत सरळ जांभळं, निळा नको इतका पडलेला. दोनदा तुमच्यापाशी आले, सांगायला. तुम्ही म्हणालात, काय गं, घुटमळतेस काय. मग फळीमागे जाऊन मीच सारखा केला." ती पेपर पिळत राहिली. "पांढऱ्यात दोन पिवळे, चंदेरीत एक. निळ्या गाडीला हात नाही लावला. निळ्या गाडीसाठी मी नुसती प्रार्थना करायचे."

"चार वर्षं."

"हो."

"म्हणजे चार वर्षं या गॅरेजचा रंग तू करत होतीस आणि नमस्कार मी घेत होतो."

"रंग तुमचाच, मास्टर. मी फक्त मीठ बघत होते."

बिसुनदेवला चिडायचं होतं. पण राग कुणावर काढायचा ते सापडेना. तिच्यावर काढावा तर तिनं त्याची लाज राखली होती. स्वतःवर काढावा तर तो नक्की कुठला बिसुनदेव, चार वर्षांचा आंधळा की परवाचा डोळस? ज्याला दिसत नव्हतं त्याचं नाव झालं होतं; ज्याला दिसलं त्याचं दार पिवळं झालं होतं.

"फैयाजला सांगणार?" सेरेआनानं विचारलं. "मला काढील तो. मास्टरच्या डब्यात हात घातला म्हणून."

"तुला काढलं तर पुढचा रंग कोण करणार? मी?"

फैयाज आला तेव्हा बिसुनदेवनं त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फैयाज आधी चाचांकडे, मग सेरेआनाकडे, मग पुन्हा चाचांकडे बघत राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "म्हणजे चाचा चुकत होते तेव्हा रंग बरोबर येत होता, आणि बरोबर आले तेव्हा चुकला?"

"तेच ते."

"मग गन कुणी खुंटीला लावायची?"

बिसुनदेवनं खुंटीकडे पाहिलं.

"माझा शब्द आहे तसाच आहे," तो म्हणाला. "पहिली गाडी हीच. हेडमास्तर म्हणाले जुळलं, तर गन माझ्याकडे. नाही म्हणाले, तर खुंटी." आणि रंगाच्या कपाटाची किल्ली, जी चौतीस वर्षं त्याच्या पट्ट्याला होती, त्यानं काढून सेरेआनाच्या ओल्या हातात ठेवली. "ही मात्र आजपासून तुझी. काही झालं तरी."

"मला नको. खिशाला भोक आहे माझ्या."

"शिवून घे."

त्या दिवशी रंग कालवताना गॅरेजचा नियम पहिल्यांदा मोडला. तो कालवत होता आणि ती शेजारी उभी होती, कमरेवर हात ठेवून, जशी स्वयंपाकघरात सासू उभी राहते. काळ्याचं बोट. निळ्याचा एक थेंब. पुठ्ठा वाळवून दोघं उन्हात गेले. बिसुनदेवनं उजवा डोळा मिटला. पुठ्ठ्याची कड विरघळली.

"जुळलं," तो म्हणाला.

सेरेआनानं पुठ्ठा घेतला, तिरका धरला, सावलीत नेला, पुन्हा उन्हात आणला. "एक थेंब हवा," ती म्हणाली. "पिवळ्याचा. एकच."

"नको. नीट बघ."

"बघितलं. हवा."

त्यानं पुन्हा पाहिलं. डाव्यानं, उजव्यानं, दोन्हींनी. कुठेही फरक नव्हता. ही तिची सवय बोलत होती की डोळा? चार वर्षं ज्या त्या डब्यात पिवळा टाकून तिच्याच डोळ्याला तशी खोड लागली असेल तर? नवं भिंग असलेला एक माणूस आणि जुनी सवय असलेली एक बाई, यांतलं खरं कोण, हे सांगायला वर आभाळ होतं फक्त, आणि तेही त्याला एका डोळ्यानं निळं आणि दुसऱ्या डोळ्यानं मातकट दिसत होतं. चुकलं तर गन जाणार होती त्याची. सेरेआनाची नाही.

"तुमचं औषध," ती म्हणाली. "अकरा वाजले."

दयावतीनं तिलाही पढवून ठेवलेलं दिसत होतं. त्यानं खिशातून बाटली काढली, बाकावर बसून मान मागे टाकली, डोळ्यात औषध सोडलं. मग दोन्ही डोळे मिटून घेतले.

"टाक," मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला.

डब्याचं झाकण वाजलं. काठी फिरल्याचा आवाज आला. त्यानं डोळे उघडले तेव्हा ती कपडा धरून गाळत होती.

शुक्रवारी तीनला पाच मिनिटं असताना हेडमास्तर आले. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या. पुढच्या दाराशी वाकले, सरळ झाले, बोटानं कड तपासली, रुमालानं बोट पुसलं. बिसुनदेव खुंटीशेजारी उभा होता. गन त्याच्या हातात होती. घासूनपुसून चकचकीत केलेली, जशी देऊन टाकायची वस्तू करतात.

"पुढचं दार ठीक आहे," हेडमास्तर म्हणाले. "पण हे मागचं तू जरा घाईत केलेलं दिसतंय."

"मागचं?"

"किंचित निळसर आहे. पुढच्यासारखं साफ नाही."

"हेडमास्तर, मागच्या दाराला आम्ही हात लावला नाही. तो कारखान्यातला रंग आहे."

हेडमास्तरांनी दोन्ही दारं पुन्हा पाहिली. "मग कारखान्यानं चूक केली," ते म्हणाले, आणि किल्ली घेऊन गाडीत बसले. "लग्नाला या. चर्चमध्ये उशीर चालत नाही."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर फैयाजनं सुटकेचा श्वास सोडला आणि चहा सांगायला गेला. बिसुनदेव गन हातात धरून तसाच उभा राहिला. जिंकलो की काय झालं, हे त्याला अजून उमगत नव्हतं. मागचं दार निळसर आहे असं हेडमास्तर म्हणाले. मग पुढच्यात पिवळ्याचा थेंब पडला म्हणून ते तसं दिसलं, की न पडताच हेडमास्तरांना काहीतरी चूक काढायचीच होती?

"सेरेआना," त्यानं विचारलं, "तो थेंब टाकलास ना?"

ती मास्किंगचे कागद गोळा करत होती. किल्ली तिनं दोरीत ओवून गळ्यात घातली होती.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "नवा डोळा कुणाचा आहे?"

"त्याला काही समजत नाही."

"मग उजवा करून घ्या. दोघं मिळून ठरवतील."

संध्याकाळी तो घरी सायीच्या रंगाचा एक डबा घेऊन गेला, सेरेआनानं कालवलेला. दयावतीनं झाकण उघडून पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि झाकण परत लावून डबा पलंगाखाली सरकवला.

"असू दे," ती म्हणाली. "आधी दुसरा डोळा होऊ द्या. मग दोन्ही डोळ्यांनी भिंत बघा आणि मला सांगा, काय वाईट आहे हिच्यात."

बिसुनदेव जेवायला बसला. उजवा डोळा मिटून त्यानं जांभळी भिंत पाहिली, डावा मिटून साय पाहिली. मग दोन्ही उघडे ठेवून मुकाट्यानं भात कालवायला लागला.